थोरलीच्या पोटातला पाहुणा

नॉलकूम्ब फार्म, विल्टशायर
५ एप्रिल १९५९

प्रिय एव्हरिल,

माझं अक्षर बघून पाकीट न फोडताच चुलीत टाकू नकोस. काम आहे म्हणून लिहितोय.

तुझ्या आईच्या वस्तू अजून जिथल्या तिथे आहेत. निळ्या फुलांचा चहाचा सेट तिने तुझ्यासाठी ठेवला होता, हे मला ठाऊक आहे. तो जर्मनीला पाठवायचा कसा? बोटीवर फुटला तर ती वरूनही मलाच बोल लावेल. शिवणयंत्र हवं असेल तर तेही कळव. कपडे पाद्रीसाहेबांच्या बायकोने नेले, पण बागेत घालायचा तो तपकिरी कोट मी दिला नाही. तो दाराजवळच असतो.

आई गेल्याची तार तुला उशिरा मिळाली याचं वाईट वाटतं. जानेवारीत इकडे बर्फ फार होतं, आणि पोस्टाचा कारभार तुला माहीतच आहे.

बाकी ठीक. कोकरं एकशे चाळीस झाली, नऊ गेली. शॅड्रॅक बहात्तर वर्षांचा झाला तरी मेंढ्या सोडत नाही, आणि मी पासष्टीचा झालो तरी मला 'धाकटे मालक' म्हणणं सोडत नाही.

आणखी एक. वरच्या रानातल्या तिघी टेकड्यांपैकी उरलेली थोरलीही आता जायची आहे. मधली आणि धाकटी लढाईच्या वर्षांत नांगराखाली गेल्या, तेव्हा तू इथेच होतीस. थोरली एकटीच मधोमध बसून दर फेरीला ट्रॅक्टरला वळसा घालायला लावते. ती सपाट करायची परवानगी मी मागितली, तर सरकारी खात्याचं उत्तर आलं की आधी आमची माणसं टेकाड उकरून बघणार, मग तुम्ही खुशाल बार्ली पेरा. आत फार जुन्या काळचं थडगं आहे म्हणे. हे सांगायला सरकार कशाला हवं? तुम्ही दोघं भावंडं, तू आणि रोलंड, तिच्यावरून घरंगळत खाली यायचा तेव्हा तुमची आई रोज ओरडायचीच, "मेलेल्यांच्या अंगावर नाचू नका रे!"

सेटचं कळव.

तुझा बाप,
एनॉस वॉडली

(सही करताना पूर्ण नाव लिहून गेलो. सवय राहिली नाही.)

२६ एप्रिल

प्रिय एव्हरिल,

तुझं उत्तर नाही. टपाल रेंगाळलं असेल. मी आपला लिहितो.

उकरणारी माणसं आली. आठ जणं, चार तंबू, आणि त्यांच्यावर हुकूम चालवायला एक ट्रेमलेटबाई. वय पन्नाशीच्या आसपास, अंगावर लष्करातली जुनी विजार, आणि आवाज असा की खालच्या कुरणातली मेंढरं मान वर करतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "हे टेकाड तुमचं का?"

म्हटलं, "माझं नाही. माझ्या रानात बसलंय एवढंच."

"किती वर्षांपासून?"

"माझ्या आजोबांच्या आधीपासून."

"चार हजार वर्षं," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्हीच त्याच्या रानात येऊन बसलाय."

शॅड्रॅक मागे उभा होता. असा खदखदून हसला की त्याला खोकला लागला. तेव्हापासून गावभर सांगत सुटलाय की धाकट्या मालकांना तोडीस तोड भेटली. दुसऱ्या दिवशी बाईंना गुडघ्यावर बसून ब्रशने माती झाडताना बघून म्हणतो कसा, "माझी बायको चाळीस वर्षांत घर असं झाडायला शिकली नाही, आणि या बाई डोंगर झाडतायत!"

मी रोज एकदा वर जातो. फाटकं उघडी ठेवतात की काय, ते बघायला. जाताना किटलीभर चहा नेतो, कारण त्यांचा चहा बघवत नाही. ट्रेमलेटबाईंनी मला एक खुरपीही दिली, पण ती मी नुसती हातात धरतो. (काल थोडं उकरलं.)

आईच्या कपाटाच्या खालच्या खणात तुझी पत्रं सापडली, दोरीने बांधलेली, वर्षवार. मी वाचली नाहीत.

दोन वाचली. लिसबेटला पहिला दात आला तेव्हाचं, आणि तिला गोवर झाला ते. नातीचं नाव मला माहीत होतं, पण ती डावरी आहे हे नव्हतं. माझी आईही डावरी होती. तिसऱ्या पत्राच्या पहिल्याच ओळीत रोलंडच्या कबरीचा विषय निघाला, तेव्हा दोरी परत बांधून ठेवली.

आई तुला गुरुवारी लिहायची ना? मी बाजारात गेलो की. तिला वाटायचं मला कळत नाही. एव्हरिल, गुरुवारी बाजार बारालाच आटपतो. मी तीनपर्यंत उगाच गाडीत बसून राहायचो.

तुझा,
बाबा

१७ मे

एव्हरिल,

तुझं पत्र आलं. दोनच ओळी. "सेट तुमच्याकडेच राहू द्या. आणि बाबा, तारेवर ती कुठल्या दिवशी दिली त्याची तारीख असते."

पाच दिवस ते पत्र खिशात घेऊन हिंडतोय. आता लिहितो, आणि सरळ लिहितो.

पोस्टाचा काही दोष नव्हता. तुझी आई सोमवारी गेली. गुरुवारी तिला पुरलं. तार मी शुक्रवारी दिली. पोस्टातल्या मुलीने मला विचारलंसुद्धा, "मिस्टर वॉडली, आज?" मी म्हटलं, "हो, आज."

कारण विचारशील. तू आली असतीस तर तुझा नवराही आला असता, आणि त्याच्यासमोर मला रडावं लागलं असतं. एवढंच कारण. याहून मोठं काही असेल म्हणून शोधलं, पण नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी मी तुला तुझ्या आईचं शेवटचं तोंड बघू दिलं नाही. माफी माग असं ट्रेमलेटबाई म्हणतात, पण ती कशी मागतात ते मला येत नाही. कधी शिकलो नाही. तुझ्या आईला विचार... बघ, हे असं होतं. अजून तिच्यावरच ढकलतो.

हो, बाईंना सांगितलं मी. का सांगितलं, ते ऐक.

मंगळवारी त्यांना तो सापडला. थोरलीच्या बरोबर पोटात, पांढऱ्या खडूच्या दगडात खोदलेल्या खड्ड्यात, एक माणूस. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, हात तोंडाजवळ. पोरं थंडीत झोपतात ना, अगदी तसा. रोलंड तसाच झोपायचा, तुला आठवतं. तोंडासमोर मातीचं एक उंच भांडं, त्यावर दोरीने उठवलेली नक्षी. प्यायचं काहीतरी असणार आत. कोणीतरी वाटेत तहान लागेल म्हणून ठेवलेलं.

बाई खड्ड्यात पालथ्या पडून बघत होत्या. म्हणाल्या, "पंचविशीच्या आतला आहे. आणि हा पाय बघा. लहानपणी मोडला होता, नीट जुळलाय. महिनोन् महिने कुणीतरी याला बसल्या जागी खायला घातलं असणार." मग भांड्याकडे बोट करून म्हणाल्या, "अशी भांडी आम्हाला समुद्रापलीकडे सापडतात. ऱ्हाईन नदीच्या काठाने. माझा अंदाज आहे, हा तिकडचा. किंवा याचे आईबाप तिकडचे."

शॅड्रॅक म्हणाला, "म्हणजे जर्मन?"

"तेव्हा जर्मन नव्हते, शॅड्रॅक."

"पण तिकडचा."

"हो, तिकडचा."

"आणि इथल्यांनी त्याला एवढं मोठं टेकाड बांधलं?" शॅड्रॅक माझ्याकडे न बघता म्हणाला. तो म्हातारा बेरकी आहे, तुला माहीत आहे.

मी तिथून निघालो. फाटकापर्यंत गेलो आणि फाटकाला धरून उभा राहिलो. बाई मागून आल्या. मी म्हटलं, थंडी वाजतेय. मे महिन्यात, भर उन्हात. त्यांनी आपला थर्मास उघडून कप पुढे केला. मग मी त्यांना रोलंडचं सांगितलं. बावीस वर्षांचा होता. विमान तिकडे, जर्मनीत पडलं. लढाई संपल्यावर त्याला तिथल्या लष्करी स्मशानात नीट पुरल्याचं पत्र आलं, रांग आणि नंबर लिहून. सोळा वर्षं झाली आणि मी अजून गेलो नाही. आणि मग तारेचं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "हे मला का सांगता? जिचं आहे तिला सांगा."

म्हणून सांगितलं.

बाबा

२१ जून

प्रिय एव्हरिल,

आठ पानं! शॅड्रॅकला पाकीट दाखवलं, तर हातावर तोलून म्हणतो, "यात शिव्या असणार. प्रेमाला एवढं वजन नसतं."

शिव्या होत्याच. सगळ्या वाचल्या. एकही खोटी नाही. माझ्यासाठी तू लग्नाच्या दिवशी नोंदणी कचेरीच्या पायरीवर वीस मिनिटं थांबली होतीस, हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या वेळी कुठे होतो ते सांगू? वरच्या रानात. करायला काही नव्हतं. नुसता उभा होतो. एका जर्मनाने पोरगा नेला, दुसऱ्याने पोरगी नेली, असं वाक्य मनात तयार करत होतो. मग ते वाक्य गावात सगळ्यांना ऐकवलं. चांगलं जमलं होतं, लोक मान डोलवायचे.

आणि तुझ्या आन्सेल्मने तुम्ही तिकडे गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात सायकलवरून जाऊन रोलंडची कबर शोधली, फोटो काढून पाठवला. तो फोटो मी फाडला. तुला वाटतं तसा आईने नाही. तुकडे तिने उचलून चिकटवले, प्रार्थनेच्या पुस्तकात आहेत. काल बघितला. पहिल्यांदा. तुझ्या घरापासून अठरा मैलांवर आहे रोलंड, आणि दर नोव्हेंबरात तुम्ही जाता. असे अकरा नोव्हेंबर होऊन गेले.

शेवटी तू लिहिलंस, "अजून माफ करवत नाही, पण लिहीत जा." बरं. लिहितो.

इकडे भांडण झालं. ट्रेमलेटबाईंचं काम संपलं आणि त्या हाडं पेटीत कापूस घालून भरायला लागल्या. मी म्हटलं, "कुठे नेता त्याला?"

"संग्रहालयात. अभ्यास होईल, मोजमापं होतील."

"आणि मग?"

"मग पेटीत. फळीवर."

"चार हजार वर्षं पडून होता तो इथे. तुम्ही त्याला फळीवर ठेवणार?"

बाई कडाडल्या, "वॉडली, परवानगी कुणी मागितली होती? तुमच्या बार्लीसाठीच मी आले ना? नाहीतर तो अजून चार हजार वर्षं निजला असता!"

खरंच होतं. एका अर्जावर सही करून मी त्याला घराबाहेर काढलं. पेटी गाडीत चढवताना मी एका बाजूने धरली. इतकी हलकी होती, एव्हरिल. कोकरू उचलल्यासारखी.

पण जायच्या आधी बाईंनी मला खणलेल्या भिंतीसमोर उभं केलं. टेकाड मधोमध कापलं की आतले थर दिसतात. मला वाटायचं आजूबाजूची माती ओढून ढीग केला असेल. तसं नाही. एक टोपली पांढऱ्या खडूच्या मातीची, शेजारी एक तांबड्या चिकणमातीची, एक नदीच्या गोट्यांची, एक काळ्या दलदलीची. टोपली टोपली वेगळी दिसते. "ही तांबडी दहा मैलांवरची आहे," बाई म्हणाल्या. "हे गोटे दरीतले. लोक आपापल्या घरची माती घेऊन इथवर आले. आणि एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. या थरावर गवत उगवलेलं दिसतं, मग परत वर माती. मुलं आली असतील, नातवंडं आली असतील."

परक्या ठिकाणाहून आलेल्या पोरासाठी लोक दहा मैल माती वाहत होते, आणि मी माझ्या स्वतःच्या पोरासाठी बोटीत बसलो नाही.

बार्लीचा बेत रद्द. खात्याला कळवलं की थोरली होती तशी परत रचा. त्यांनी बुलडोझर पाठवला. मी म्हटलं, यंत्र नको, हाताने. शॅड्रॅक म्हणाला, "कुणाच्या हाताने? तुमच्या की माझ्या? दोघांचे मिळून दीड हात चालतात." म्हणून खालचं सगळं बुलडोझरने केलं, वरचा हातभर थर तेवढा आम्ही दोघांनी घातला. चार दिवस लागले. आता पाठ अशी धरलीये की हे उभं राहून लिहितोय.

तुझा,
बाबा

९ ऑगस्ट

मिस्टर आन्सेल्म ब्रूनिंग यांस,

हे पत्र एव्हरिलच्या नावावर न पाठवता तुमच्या नावावर मुद्दाम पाठवत आहे. तिला विचारलं तर ती 'या' म्हणेल किंवा 'नका येऊ' म्हणेल, पण घर तुमचं आहे, तेव्हा विचारायचं तुम्हाला.

कापणी झाल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, मी आठ दिवस आलो तर चालेल का? मला रोलंडच्या कबरीवर जायचं आहे. वाट तुम्हाला माहीत आहे, मला नाही.

सोबत एक पत्र्याचा डबा असेल, बिस्किटांचा. आत आमच्या वरच्या रानातली माती आहे. सरहद्दीवरचे लोक अडवतील का, आणि अडवलं तर त्यांना काय सांगायचं, ते कृपया एका कागदावर जर्मनमध्ये लिहून पाठवावं.

तुम्ही तीन वर्षं माझ्या शेतावर कैदी म्हणून राबलात. त्या काळात मी तुम्हाला 'ए जर्मन' म्हणून हाक मारली. तुमचं नाव मला तेव्हाही येत होतं.

तुम्ही लावलेलं खालचं फाटक अजून सरळ उघडतं. त्यानंतर लावलेली दोन मोडली.

आपला,
एनॉस वॉडली

११ ऑक्टोबर

माझ्या लाडक्या एव्हरिल,

सुखरूप पोचलो. बोट हलली, पण पोटाने मान राखला. शॅड्रॅक स्टेशनवर आला होता, बरोबर कुत्री घेऊन. कुत्रीने मला ओळखलं नाही, तेव्हा शॅड्रॅक म्हणाला, "सॉसेजचा वास येतोय, धाकटे मालक. जर्मन झालात."

लिसबेटला सांग, तिने दिलेलं चित्र चुलीवरच्या भिंतीवर लावलंय. पाच दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही आणि सहाव्या दिवशी येऊन माझ्या मांडीवर बसली, जणू खुर्ची रिकामी दिसली म्हणून. मी हललो नाही. पाय बधिर झाला तरी हललो नाही.

तू आणि मी स्वयंपाकघरात बसलो, ते इथे परत लिहीत नाही. तू भांडं आपटलंस ते बरं केलंस. तुझी आई आपटायची नाही, आतल्या आत ठेवायची. मी तारेबद्दल शेवटी जे बोललो ते कसंबसं बोललो, शब्द उलटेसुलटे झाले. पण तू म्हणालीस, "कळलं, बाबा." ते मी घेऊन आलोय.

आता तुला माहीत नाही ते सांगतो. स्मशानात तू आली नाहीस. म्हणालीस, तुम्ही दोघंच जा, लिसबेटला सर्दी आहे. सर्दीबिर्दी काही नव्हती, मला दिसत होतं.

आन्सेल्मने मला मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसवलं. मांडीवर डबा, डोक्यावर तुझी लोकरीची टोपी. अठरा मैल मी देवाचं नाव घेत होतो. तो वळणावर ओरडून विचारायचा, "मिस्टर वॉडली, ठीक?" आणि मी ओरडायचो, "पुढे बघ!" एवढंच आमचं बोलणं.

तिथे किती रांगा आहेत ते तुला ठाऊक आहे. मला वाटलं होतं शोधावं लागेल, पण तो सरळ चालत गेला, जसा माणूस आपल्या घरच्या खोलीत जातो. दगडावर हात ठेवला आणि मग मागे सरकला. पार हिरव्या कुंपणापर्यंत मागे गेला, टोपी काढून उभा राहिला.

मी नाव वाचलं. वय वाचलं. मग खाली बसलो, आणि डबा उघडेना. बराच वेळ झटापट केली. शेवटी हाक मारली, "आन्सेल्म, इकडे ये." तो आला, खिशातून सुतारकामाचा चाकू काढला, झाकणाखाली घातला, उघडून दिलं आणि परत जायला वळला. मी म्हटलं, "थांब रे. कुठे चाललास?"

मी माती घातली. पांढरी माती त्या काळ्या जमिनीवर फार उठून दिसते. काय बोललो रोलंडशी, ते माझ्याजवळ राहू दे.

अर्धा डबा उरला होता. आन्सेल्म डब्याकडे बघत होता. म्हणाला, "माझा भाऊ रशियात. माटियास. एकोणीस वर्षांचा. कुठे पडला, कळलं नाही. आई अजून त्याची थाळी मांडते."

तीन वर्षं माझ्या शेतावर राबला तो, एव्हरिल. तीन वर्षं. माझा पोरगा गेला म्हणून मी त्याच्याशी धड बोललो नाही, आणि त्याचा भाऊ गेला होता हे मी एकदाही विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. कसं सांगणार? मी दुःखाला जणू कुंपण घालून ठेवलं होतं.

मी डबा त्याच्यापुढे धरला. म्हटलं, "घे. घाल इथे. त्याचं नाव घे आणि घाल."

तो म्हणाला, "इथे? ही तुमच्या मुलाची जागा आहे."

म्हटलं, "पोरगा एकटाच पडलाय. त्याला सोबत होईल."

त्याने दोन्ही हातांनी माती घेतली. नाव घेतलं. आणि मग तुझा नवरा, सहा फूट उंचीचा, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून असा रडला की जवळच्या रांगेत फुलं ठेवणारी बाई काम टाकून दुसरीकडे गेली. मीही रडलो. चांगला मोठ्याने रडलो. ज्याच्यासमोर रडावं लागेल म्हणून अकरा वर्षं पळत होतो, त्याच्याच कोटात तोंड खुपसून रडलो, आणि म्हणून काही आभाळ कोसळलं नाही.

परत येताना वाटेत थांबलो, त्याने मला बियर पाजली. म्हणाला, "एव्हरिलला सांगू नका. तिने मला कधी रडताना बघितलं नाही. ती घाबरेल."

मी शब्द दिला की सांगणार नाही. तेव्हा हे पान तू वाचलंच नाहीस असं समज. पण आज जेवायला वाढताना त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरव, आणि कशासाठी ते विचारलं तर म्हण, बाबांनी सांगितलंय.

ख्रिसमसला तिघंही या. तुझ्या खोलीला पांढरा रंग दिलाय. शॅड्रॅक म्हणतो पिवळा बरा होता, पण त्याचं काय ऐकायचं.

तुझा,
बाबा